आईसाठी घेतलेलं श्वासाचं यंत्र

यंत्र पसंत करायला गेलो तेव्हा मी आईला बरोबर नेलं नव्हतं. तिला गावाकडून सांगलीला आणायचं तर अख्खा दिवस मोडला असता, आणि आबांपाशी कुणाला बसवायचं हा प्रश्न होताच. म्हणून मीच ठरवलं, आपण बघू, आपण घेऊ, रविवारी नेऊन देऊ. सांगलीत माझं शेतीपंपांचं दुकान आहे. मोटार, पाईप, व्हॉल्व्ह आणि दाब यांतच माझा दिवस जातो. पाण्याऐवजी हवा ढकलणारं असलं तरी शेवटी यंत्रच ते. त्यातलं मला कळणार नाही तर कुणाला कळणार, असं माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर मला थोडा उत्साहच आला होता. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

आई-आबा तेव्हा रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी राहत होते. आबा फौजेतले. हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि मग ऊस करू लागले. काही वर्षांपूर्वी ऐन ऊसतोडीत त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली. बोललेलं कळायचं, पण आवाज खाटेपलीकडे जात नव्हता. उजव्या हाताशी स्टीलचा पेला ठेवलेला असायचा. काही लागलं की ते तो पेला खाटेच्या लोखंडी कांबीवर वाजवायचे आणि आई येई. न्हाऊमाखू घालणं, कूस बदलणं, लघवीचं भांडं देणं, सगळं तीच करायची. मी एकुलता एक. दर रविवारी गाडी काढून जायचो, औषधं आणायचो, आबांची गुळगुळीत दाढी करून द्यायचो आणि संध्याकाळी परत निघायचो. रविवार चुकवत नाही याचा मला अभिमान होता. भावकीतली माणसंही म्हणायची, पोरगं लय जीव लावतंय आईबापाला.

अशाच एका रविवारी मी आबांपाशी बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून जळकट वास आला. जाऊन बघतो तर तव्यावर भाकरी काळी पडलेली आणि आई ओट्याला टेकून उभ्याउभ्या झोपलेली. मी हाक मारली तशी ती दचकली आणि तोल सावरायला तिनं हात टेकला तो थेट तव्यावर. हाताला पाणी, मग मलम, मग माझी बडबड. ती आपली, "डोळा लागला बघ जरासा. काय झालं न्हाई." तिचा डोळा अलीकडे सारखाच लागायचा. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. माझी पोरं हसायची. मीही हसायचो. वय झालं, थकते, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

माझी बायको मात्र दिवाळीत तिच्या शेजारी झोपली होती. सांगलीला परतताना गाडीत ती म्हणाली, "आत्यांचं घोरणं साधं नाही. मध्येच थांबतं. श्वासच थांबतो. मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू होतो. मी घाबरून त्यांना हलवलं होतं."

"घोरतात सगळेच," मी म्हणालो.

"सगळ्यांचा श्वास थांबत नाही," ती म्हणाली आणि साताऱ्याच्या छातीच्या डॉक्टरबाईंची वेळ तिनंच घेतली.

चुलतभावाला आबांपाशी बसवून आम्ही आईला साताऱ्याला नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, घोरता का?"

"न्हाई बा," आई पदर सावरत म्हणाली. "बायामाणसं कुठं घोरत्यात?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाई हसल्या. "घोरतात की. लपवतात मात्र जास्त."

मग आईच्या तोंडून हळूहळू निघालं ते आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच ऐकलं. लग्नाकार्यात सगळ्या बायका हॉलमध्ये सतरंजीवर झोपायच्या तेव्हा ही भिंतीला टेकून जागी बसायची. एकदा एका लग्नात पोरींनी तिच्या घोरण्याची नक्कल केली होती. तेव्हापासून परक्या ठिकाणी तिनं पाठ टेकली नव्हती. "हसत्यात म्हणून," ती म्हणाली. मला आठवलं, घरात तिची तशीच नक्कल माझा धाकटा करायचा आणि मी त्याला कधी गप्प केलं नव्हतं.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी असं बांधून तिला झोपायचं होतं. त्या दिवसापुरती बायको गावी मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली ती डोळे तांबारलेली. "आबांनी बऱ्याच वेळा उठवलं," ती म्हणाली. मी ऐकलं, आणि विसरलो.

अहवालात आलं की आईचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो. डॉक्टरबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. झोपेत गळा सैल पडतो, वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू घाबरून जागा करतो. त्या जाग्या होण्याची तिला आठवणही नसते. "या झोपतात, पण विश्रांती मिळत नाही," त्या म्हणाल्या. उपाय होता यंत्राचा. मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहायचं, म्हणजे वाट उघडी राहते. दोन प्रकार होते. एक ठरावीक दाबाचं. दुसरं ऑटो, म्हणजे श्वास कसा चाललाय ते ओळखून आपणहून दाब कमी-जास्त करणारं. ठरावीक दाबाचं घ्यायचं तर तो दाब ठरवायला बहुतेक एक रात्र रुग्णालयात झोपावं लागेल, ते आईला जमणार नव्हतं. म्हणून ऑटो बरं, असं त्यांचं मत पडलं.

निघताना त्यांनी विचारलं, "घरी रात्री यांच्याजवळ कोण असतं?"

"वडील असतात," मी सांगितलं. खोटं नव्हतं ते.

सांगलीतल्या वैद्यकीय उपकरणांच्या दुकानात विक्रेत्यानं मला कोचावर आडवं केलं, तोंडाला मास्क बांधला आणि दोन्ही यंत्रं चालवून दाखवली. ठरावीक दाबाचं यंत्र आपल्या साध्या मोटारीसारखं होतं. चालू केली की एकच जोर, तुम्हाला लागो न लागो. ऑटोची गोष्ट वेगळी. मी श्वास रोखून धरला तर जरा थांबून ते हळूच जोर वाढवायचं, मोकळा सोडला की आवरतं घ्यायचं. मी खूश झालो. विक्रेत्याला आतल्या पंख्याबद्दल विचारलं, फिल्टरबद्दल विचारलं. त्यालाही जाणकार गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद झाला. हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची टाकी होती. आई तोंड उघडं टाकून झोपते म्हणून मी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतला. गावाकडे वीज जाते म्हणून बॅटरी घेतली. विजेचा, पाण्याचा, धुळीचा, सगळ्याचा विचार मी केला होता.

घरी खोकं उघडलं तेव्हा बायकोनं मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा लावल्यावर आबांचं रात्रीचं कसं?"

"कसं म्हणजे? आवाज किती बारीक आहे बघ. पंख्याएवढाही नाही. पेला वाजलेला सहज ऐकू जाईल."

ती आणखी काही बोलणार होती, पण मी यंत्र चालू करून तिच्या कानाजवळ धरलं. तिनं मान हलवली.

रविवारी मी ते आईच्या खाटेशेजारी, स्टुलावर मांडलं. मास्कचे पट्टे तिच्या डोक्यामागे बसवले, बटण दाखवलं. आई घाबरली होती, पण शिकली. आबा आपल्या खाटेवरून टक लावून बघत होते. तिनं मास्क चढवून त्यांच्याकडे पाहिलं तसे ते तोंड वाकडं करून हसले. "पायलट झाली की गं तू." आई मास्कच्या आत हसली. ते हसू घागरीत बोलल्यासारखं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. "लय गाढ झोप लागली रं. उठले तवा ऊन अंगणात उतरलं हुतं." तिचा आवाज मला कितीतरी वर्षांनी स्वच्छ वाटला. मी दिवसभर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगितली. ज्यानं त्यानं मला शाबासकी दिली.

त्या यंत्रात एक सोय होती. आदल्या रात्री ते किती तास वापरलं, श्वास किती वेळा अडला, हे सगळं सकाळी माझ्या मोबाईलवर यायचं. पहिल्या चहाबरोबर मी ते बघायचो. चारपाच दिवसांतच तास घटले. मग एकदा तासभर. मग शून्य. मी फोन केला.

"नाक चोंदलं हुतं," आई म्हणाली.

पुढच्या दिवशी, "वीज गेली हुती."

"वीज गेली तरी बॅटरी आहे ना आई? मुद्दाम घेतलीय."

"मला न्हाई कळलं त्यातलं."

मी रविवारी पुन्हा सगळं शिकवलं. नाकात घालायचे थेंब नेले. पट्टे सैल केले. सोमवारी पुन्हा शून्य. दुरून माझी चिडचिड वाढत गेली. गिऱ्हाईक मोटार जळाली म्हणून घेऊन येतं आणि व्होल्टेजबद्दल खोटं बोलतं, तेव्हा मी जसा एकेक प्रश्न विचारून त्याला पकडतो, तसा मी आईला पकडू लागलो. ती कारणं द्यायची, मी खोडून काढायचो. मोबाईलवरचा आलेख माझ्या बाजूनं होता.

एका सकाळी मी चढ्या आवाजात बोललो. "हृदयावर ताण येतो म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितलंय. कळतंय का तुला? उद्या तुला काही झालं तर आबांचं कोण करणार?"

मग ती म्हणाली, "बरं. लावते."

माझं ते शेवटचं वाक्य मी विचार करूनच वापरलं होतं. तिला हलवायचं तर आबांचं नाव काढायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि ते लागू पडलं. त्यानंतर तास भरू लागले. आलेख हिरवा दिसू लागला. मला वाटलं, कधीकधी आईबापावरही ओरडावं लागतं.

त्या दिवसांत मी रविवारी गेलो की आई तरतरीत दिसायची. तिनं पापड लाटायला घेतले होते. आबा मात्र उतरलेले दिसत होते, ओठ सुकलेले. मी विचारलं तर त्यांनी हातानंच ठीक आहे अशी खूण केली. आई म्हणाली, "आन हितं बघ, ह्या खिडकीखाली भिताडाला वल आलीया. नळ गळतोय का बघ." मी बाहेर जाऊन बघितलं. आबांच्या खाटेजवळच्या खिडकीखाली भिंत खरंच ओली होती. मी पाईप पान्यानं आवळला, जोडावर टेप गुंडाळला आणि हात धुऊन जेवायला बसलो.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला तो रडतच. "ह्यास्नी ताप हाय. मला वळखीनात. काय बी बोलत्यात. परेडचं बोलत्यात."

मी आणि बायको तशीच गाडी काढून निघालो. आबांना साताऱ्याच्या रुग्णालयात भरती केलं. लघवीत जंतू झाले होते आणि अंगातलं पाणी पार कमी झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात हे?"

"मी देते की," आई म्हणाली. "सांजच्याला तांब्या भरून ठेवते खाटेपाशी. सकाळी रिकामा असतो."

सलाईन लागली. दोन दिवसांत ताप उतरला आणि आबा माणसात आले. दुपारी आई आणि बायको खाली चहाला गेल्या होत्या. मी त्यांच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होतो. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तिसरा हातानं अडवला.

"प्या आबा. पाणी कमी पडलंय अंगात."

ते हळूहळू, एकेक शब्द ओढून बोलले. "कमी पडलं न्हाई. मीच बंद केलं हुतं."

"का?"

"सांजचं पानी बंद, तर रातीचं भांडं बंद. मंग हाक मारायची पाळी येत न्हाई." जरा दम खाऊन ते पुढं म्हणाले, "तांब्या खिडकीतनं वतायचो. तिला दिसू नये म्हनून."

मला ओली भिंत आठवली. पाना आठवला. मी चमचा वाटीत ठेवला.

"आबा, असं कुणी करतं का?"

"तिला झोपू दे की रं. इतक्या वर्सांत पयल्यांदा झोपतीया." त्यांचा उजवा हात चादरीवर चाचपडत होता. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू फोनवर बोललास न्हवं. तिला काय झालं तर आबांचं कोन करनार. ती फोन मोठ्यानं लावती, मला ऐकू यावा म्हनून. मी हितंच हुतो."

मी त्यांची सरकलेली चादर वर ओढली.

"माझं करायला पायजे म्हनून तिनं जगायचं व्हय रं?"

त्या वेळी मी फक्त त्यांचं तोंड पुसलं. ते रागावलेले नव्हते. फौजेतल्या माणसानं हुकूम समजून घेण्यासाठी पुन्हा विचारावा, तसं त्यांनी विचारलं होतं.

संध्याकाळी मी आईला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण लपवणं आमच्याकडे आधीच खूप झालं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग पदराचा बोळा तोंडाशी धरून ती जे बोलली त्यातून मला पहिल्या सकाळची दुसरी बाजू कळली. तिचं ऊन अंगणात उतरलं तेव्हा आबा ओल्या अंथरुणात पडून होते. पेला खाटेखाली पडला होता. किती वाजवलं होतं देव जाणे. ती उठून जवळ गेली तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं आणि म्हणाले होते, "काय न्हाई, मला बी आत्ताच जाग आली."

"पेला वाजत हुता आन मी ढिम्म," ती म्हणाली. "असं कवाच झालं नव्हतं. पाखरू फडफडलं तरी मी उठणारी. त्या दिवसापास्नं मला ते तोंडाला लावू वाटंना. लावलं की गाढ झोप लागती, आन झोप लागली की तेंचं कोण बघणार?"

"मला सांगायचंस ना आई."

"काय सांगायचं? तू एवढ्या हौसेनं आणलंस."

प्रश्न आवाजाचा नव्हताच. यंत्र चांगलं होतं म्हणूनच तिला ऐकू येत नव्हतं. बायकोनं त्या दिवशी हेच विचारलं होतं आणि मी तिच्या कानाशी यंत्र धरलं होतं.

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"तू चांगल्यापोटीच बोललास," आई म्हणाली. मग अगदी हळू, जणू फार वाईट काही सांगत असल्यासारखं, "खरं सांगू का? तू वराडलास म्हणून मी लावाय लागले, पर नंतर मलाच झोपंची चटक लागली रं. ते हाक मारीनात, तर मी म्हणलं, बरं झालं, शांत झोपत्यात. मी इचारलंबी न्हाई. तेनी तहान मारली आन मी घोरत पडले."

तिला मी काय समजावणार होतो? झोप लागणं हा गुन्हा नाही, असं मी म्हणालो. ते तिच्यापर्यंत पोचलं असं वाटत नाही.

रुग्णालयातून आम्ही दोघांना थेट सांगलीला आणलं. आबांनी गाडीत बसताना विरोध केला. घर बंद राहील, रान कोण बघेल, वगैरे. बायको त्यांना म्हणाली, "आबा, थोडे दिवस आम्हालाही करू द्या." त्यावर त्यांनी गाडीच्या दाराला धरलेला हात सोडला. आईला आतली खोली दिली आणि तिचं दार लावून घ्यायचं ठरलं. आबांची खाट बाहेरच्या खोलीत, आणि त्यांच्याशेजारी गादी टाकून मी.

पहिल्या रात्री पेला वाजला तो मला ऐकूच आला नाही. बायको उठून आली आणि तिनं मला हलवलं. मला कसलंही यंत्र लावलेलं नव्हतं.

पुढे मला जाग येऊ लागली, तर आबा हाक मारीनात. एकदा मी सहज कूस बदलली तर ते डोळे उघडे ठेवून, दात आवळून पडलेले.

"आबा, सांगायचं ना."

"तुला दुकानात जायचं असतं."

"आणि आईला काय सुट्टी होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. बायकोकडून भांडं घेण्यात नवऱ्याला जे वाटत नाही ते मुलाकडून घेताना वाटतं, हे मला तेव्हा कळलं. मग मी न विचारताच ठरावीक वेळानं उठू लागलो. कूस बदलताना त्यांचा लुळा हात अंगाखाली अडकू द्यायचा नाही, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, पाठ कोरडी करून पावडर लावायची. हे सगळं आईनं मला दिवसा शिकवलं. तिच्या हातांना ते इतकं सवयीचं होतं की सांगताना तिला शब्द सापडत नव्हते. ती करून दाखवायची. आठवड्याभरात माझी कंबर धरली. दुकानात दुपारी गल्ल्यावर बसल्याबसल्या माझी मान खाली पडायची. गिऱ्हाईक खाकरायचं तेव्हा मी दचकून उठायचो. मी धडधाकट माणूस, घशात काही अडकत नसताना माझी ही गत. आईनं ही वर्षं कशी काढली असतील, हे मनात आलं की मी ते पुढे जाऊ द्यायचो नाही.

आता आठवड्यातल्या काही रात्री एक अनुभवी माणूस येतो. बाकी रात्री मी असतो. गावाकडचं रान चुलतभाऊ बघतो. आबा संध्याकाळी पाणी पितात. आई समोर बसून त्यांना प्यायला लावते, पेला पालथा करून दाखवायला सांगते आणि ते लष्करी थाटात दाखवतात.

यंत्राच्या दुकानात मी पुन्हा गेलो, या वेळी आईला घेऊन. तो मोठा मास्क तिच्या नाकाच्या हाडावर वळ उमटवत होता आणि तिला त्यात कोंडल्यासारखं व्हायचं, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. विक्रेत्यानं चार-पाच प्रकार पुढ्यात मांडले. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं माझ्या कोपराला हात लावला. मी मागे जाऊन बसलो. आईनं एकेक मास्क हातात घेतला, पट्टा ताणून बघितला, आरशासमोर लावला. एक नुसता नाकाखाली बसणारा होता, लहानसा.

"तोंड मिटून झोपावं लागेल, मावशी," विक्रेता म्हणाला.

"मिटंन की," ती म्हणाली. "ह्यात माझी मी दिसते तरी." आणि जरा लाजली.

डॉक्टरबाईंना विचारून तोच घेतला. ऑटो यंत्र मात्र तेच आहे. त्याची निवड चुकली नव्हती, असं डॉक्टरबाईही म्हणतात. सर्दी झाली की दाब वाढवतं, कुशीवर वळली की कमी करतं. आईचा रक्तदाब ताब्यात आलाय. ओट्याशी डुलकी लागत नाही. पोरं आता तिच्या खोलीत जाऊन, आजी, रॉकेट चालू कर, म्हणतात. येणारे पाहुणे मला विचारतात, कुठलं घेतलंस, कसं निवडलंस. मी विक्रेत्याचा पत्ता देतो आणि विषय बदलतो.

मला कुणी दोष दिलेला नाही. आबांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. ‘मी विचारलं होतं’ असं बायको एकदाही म्हणाली नाही. आई तर भावकीत फोन करकरून सांगते की लेकानं यंत्र घेऊन दिलं म्हणून मी आज उभी हाय. ती असं बोलत असली की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो.

अलीकडे तिला स्वप्नं पडू लागली आहेत. इतकी वर्षं पडत नव्हती म्हणे, किंवा पडेपर्यंत झोपच टिकत नव्हती. सकाळी चहा घेताना ती आम्हाला सांगते. एकदा तिच्या माहेरची म्हैस जिना चढून आमच्या गच्चीवर आली होती. एकदा आबा धडधाकट होऊन, ट्रंक खांद्यावर टाकून स्टेशनकडे निघाले होते आणि ती मागून हाक मारत होती, आवं, डबा राहिला. आबा खाटेवरून कान देऊन ऐकतात. "मंग? घेतला का डबा?" ते विचारतात.

परवा तिनं एक लांबलचक स्वप्न सांगून संपवलं आणि माझ्याकडे वळली. "तुला पडत्यात का रं सपनं?"

"मला नाही पडत," मी म्हणालो. "निम्मा कान आबांकडं असतो ना."

तिचा बशीवरचा हात थांबला.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तवा तसंच हुतं."

मग ती उठली आणि माझ्यासाठी आणखी चहा टाकायला आत गेली. मी नको म्हणत होतो, पण तिनं ऐकलं नाही.